बोंबील खाऊन निघू नका

पत्र:

ताई, आम्ही ठाण्याचे सीकेपी. सोमवार आणि संकष्टी सोडली तर मासे, मटण, सोडे यांच्याशिवाय आमच्या घरात पान हलत नाही. मोठ्या मुलाने स्वतःच लग्न जमवलंय. मुलगी मुलुंडची, गुजराती जैन, स्वभावाने गोड. पण ती व्हिगन आहे. दूध, दही, तूप, मध, काही म्हणजे काही नाही. तिचे आईवडील व्हिगन नाहीत, साधं जैन जेवण जेवतात. दोन्ही घरांची पहिली भेट येत्या रविवारी दुपारी, वांद्र्याच्या एका व्हिगन रेस्टॉरंटमध्ये ठरली आहे. मुलाने मेनूचे फोटो पाठवलेत, ते जोडते आहे. त्यातलं निम्मं मला कळलेलं नाही. ह्यांचं म्हणणं, सकाळी घरी बोंबील-भात खाऊन निघू आणि तिथे नुसते चमचे हलवू. शिवाय ह्यांचा प्रश्न असा की मटण खायचं नाही, तर मटणासारखं करून कशाला खायचं? न्यूयॉर्कच्या एका बड्या हॉटेलाने व्हिगन मेनूवरून परत मांसावर उडी मारली, ती बातमी ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत असतात. सासूबाई ७८ वर्षांच्या, कवळी आहे, मधुमेह आहे. धाकट्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. काय मागवू, काय टाळू, नाही आवडलं तर तोंड कसं ठेवू? आणि पुढे त्यांना घरी जेवायला बोलावलं तर पानात काय वाढू?
– ठाण्याची एक होणारी सासू

होणाऱ्या सासूबाई, आधी अभिनंदन. आणि लगेच एक नकार: बोंबील-भात खाऊन निघायचं नाही.

भरल्या पोटी माणूस चव घेत नाही, खोड काढतो. तुमचे यजमान तुडुंब जेवून वांद्र्याला पोचले की समोर येणारी प्रत्येक बशी त्यांना ‘ठीक आहे’ वाटणार, आणि पहिल्या भेटीतलं मुलाच्या बापाचं ‘ठीक आहे’ मुलीकडचे लोक वर्षभर चघळतात. दुसरं म्हणजे बोंबलाचा वास. साबण लावा, लिंबू चोळा, हाताला तो उरतोच, आणि मुलीचे वडील दारातच हात पुढे करणार. तेव्हा सकाळी नऊच्या सुमारास वाटीभर पोहे, कपभर चहा, बस्स. एक वाजता सगळ्यांना कडकडून भूक लागलेली असली पाहिजे.

आता मेनूकडे वळू. तुमच्या पत्रातली सगळी धास्ती मटण-मासे नसण्याची आहे, आणि मला ती अनाठायी वाटते. सोमवारी तुम्ही मासे खात नाही, संकष्टीला नाही, श्रावण पाळत असाल तर महिनाभर नाही. बिनमांसाचं ताट तुमच्या घराला मुळीच नवं नाही. नवं आहे ते बिनदुधाचं ताट. श्रावणात मासे बंद झाले की आपण काय करतो? वरणभातावर तूप वाढतो, दही लावतो, ताक घुसळतो, पनीर आणतो, खीर करतो. मांसाची जागा आपल्याकडे दूध भरून काढतं. रविवारी नेमकं तेच नसेल. जेवताना मधेच काहीतरी कमी वाटायला लागेल तेव्हा यजमानांना वाटेल की मटण आठवतंय. खरं तर दही आठवत असेल.

आणि यात ते एकटे नसतील. व्याही जैन आहेत, पण व्हिगन नाहीत. छास आणि तूप गुजराती जेवणातून काढून दाखवा! म्हणजे त्या टेबलावर मुलगी सोडून बाकी सगळे पाहुणेच. तुमच्यापेक्षा विहीणबाई जास्त अवघडलेल्या असतील तर मला नवल वाटणार नाही. त्यांनी लेकीचं हे खूळ (त्यांच्या मते) घरात कितीतरी दिवस सोसलेलं असणार.

म्हणून मेनू वाचताना प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा. हा पदार्थ त्याच्या मूळ गावी दुधाशिवायच होतो का? होत असेल तर बिनधास्त मागवा. दूध, दही, चीज काढून घेऊन दुसरं काहीतरी घातलेलं असेल, तर पहिल्या भेटीसाठी तो पदार्थ नको. पुढे कधीतरी मुलाबरोबर गेलात की खा.

या हिशेबाने पिझ्झा गेला. तुमच्या मेनूवर काजूच्या चीजचा आहे आणि खाली ‘मोझरेला स्टाइल’चाही आहे. चीजला तार सुटते ती दुधातल्या केसीन नावाच्या प्रथिनामुळे. वनस्पतींत केसीन नाही, म्हणून दुकानातलं बहुतेक व्हिगन चीज खोबरेल तेल आणि टॅपिओकाचा, म्हणजे आपल्या साबुदाण्याचा, स्टार्च यांच्या जोरावर उभं असतं. खोबरेल तेल साधारण २४ अंशांना गोठतं. थंडीत घरातली तेलाची बाटली आठवा. रेस्टॉरंटचा एसी त्याच्याच आसपास चालतो. पिझ्झा गरम असताना झकास लागतो, पण गप्पा रंगल्या आणि तुकडा पाच-सात मिनिटं बशीत पडून राहिला, की वरचं चीज घट्ट होऊन टाळूला चिकटतं. पहिल्या भेटीत गप्पा तर होणारच. काजूचं चीज त्यापेक्षा पुष्कळ बरं, त्याला आंबटसर चव असते, पण ते चीज म्हणून खाल्लं तर हिरमोड आणि काजूची चटणी म्हणून टोस्टला लावलं तर मजा.

टोफू टिक्का आणि ‘बटर मसाला’ही टाळा. टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर, वाईट म्हणून नव्हे. पनीरच्या जागी बसवला की माणूस त्यात पनीरच शोधतो, आणि टोफूत दुधाची स्निग्धता नाही की गोडवा नाही. तोच टोफू मेनूच्या दुसऱ्या पानावर मिरची आणि बेझिल घालून परतलेला आहे, तो मागवा. तिथे तो स्वतःच्या घरी आहे. चीन, जपान, थायलंड, इंडोनेशिया या मुलखांतल्या रोजच्या रांधण्यात दुधाला जागाच नव्हती. त्यांचं चालतं नारळावर, सोयाबीनवर, तिळावर. नारळाचं वाटण तर तुमचं रोजचंच. थाई ग्रीन करी समोर आली की यजमान पहिल्या घासाला गप्प होतील, दुसऱ्याला भात मागतील. मूळ थाई करीच्या वाटणात वाळवलेल्या कोळंबीची पेस्ट असते, इथे ती नसणार. तेवढी खोली कमी पडते, पण गवती चहाची पात, आल्याच्या जातीचं गलांगल आणि कफीर लिंबाची पानं आपलं काम चोख करतात. मुलीकडच्यांसाठी मात्र ही करी नको. वाटणात कांदा-लसूण असतो, आणि तो मागाहून काढता येत नाही.

हमस-फलाफलचं, म्हणजे चण्यांची वाटलेली चटणी आणि चण्यांचे तळलेले वडे यांचं, मोठं ताट आहे ते नक्की घ्या, मधोमध ठेवायला. काबुली चणे, तीळ, लिंबू, ऑलिव्ह तेल. यातून कोणी काही काढलेलं नाही, काही बदललेलं नाही. लेबनॉन-सीरियाकडे ते असंच खातात. हमसमध्ये लसूण असतो, फलाफलमध्ये कांदाही. एक वाटी बिनलसणाचं हमस मिळेल का ते फोनवर आधी विचारा.

रामेनबद्दल, म्हणजे रश्श्यातल्या जपानी नूडल्सबद्दल, दोन शब्द, कारण तुमच्या घरात मटणाचा रस्सा ओरपणारी माणसं आहेत आणि रश्श्याची तहान रश्श्यानेच भागते. चांगल्या व्हिगन रामेनचा रस्सा कोंबू नावाची समुद्री वनस्पती आणि वाळवलेले शिताके मशरूम यांचा असतो. टोकियोत किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये कोंबूच्या पाण्यातूनच ग्लुटामेट वेगळं काढलं. मटणाच्या रश्श्याला जो भरीवपणा येतो त्यात याच ग्लुटामेटचा मोठा वाटा. वाळल्या शिताकेत आणखी एक द्रव्य असतं, ग्वानिलेट. दोन्ही एकत्र आली की चव नुसती वाढत नाही, कितीतरी पटीने चढते. हाडं न उकळता रस्सा दाट का लागतो, याचं उत्तर एवढंच. यजमानांसाठी एक वाडगा मागवाच. जैन मंडळी बहुधा मशरूम खात नाहीत, तेव्हा तो वाडगा त्यांच्याकडे सरकवू नका.

टेंपे हा प्रकार तुम्हाला कळला नाही म्हणता. तो जावाचा. सोयाबीन उकडून, साल काढून, त्यावर एक प्रकारची बुरशी वाढवतात. दीड-दोन दिवसांत तिचे पांढरे तंतू सगळे दाणे घट्ट बांधून टाकतात, आणि कापली की वडीत दाणे चिक्कीतल्यासारखे दिसतात. बुरशी म्हटल्यावर तोंड वाकडं करू नका, इडलीचं पीठ फुगतं तेही जिवाणूंच्याच कृपेने. कुरकुरीत तळलेला टेंपे, वरून गोडसर सोया सॉस, हा इंडोनेशियात लाखो लोकांचा रोजचा जेवणातला पदार्थ आहे. कुणाच्या जागी उभा नाही, कुणाची नक्कल नाही. शंभर ग्रॅममध्ये साधारण १९ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ‘दोन तासांत पुन्हा भूक लागेल’ या यजमानांच्या तक्रारीवर उताराही हाच. फक्त तुमच्या मेनूवर तो ‘साते’ म्हणून आहे, आणि सातेबरोबरची चटणी शेंगदाण्याची असते. म्हणजे धाकट्याला नाही.

धाकट्याचं थोडं गंभीरपणे घ्या. व्हिगन स्वयंपाकघरात सुकामेवा आणि दाणे यांचा वापर इतर कुठल्याही हॉटेलापेक्षा जास्त. साय म्हणजे काजू, दूध म्हणजे बदाम, घट्टपणासाठी शेंगदाणा. एकाच मिक्सरमध्ये हे सगळं फिरतं. वेटरला ऐनवेळी ‘शेंगदाणे नकोत हां’ सांगणं पुरेसं नाही. शुक्रवारी फोन करा, मॅनेजरशी बोला, ॲलर्जी आहे असं स्पष्ट सांगा, आणि कोणते पदार्थ वेगळ्या भांड्यात, वेगळ्या तेलात होतात ते विचारून लिहून घ्या. उत्तर गुळमुळीत आलं तर धाकट्यासाठी साधा भात आणि वाफवलेल्या भाज्या सांगा, किंवा सरळ जागा बदला. मुलीला वाईट वाटणार नाही. वाटलं तर ते आत्ताच कळलेलं बरं. त्याची औषधं खिशात असू द्या.

आता यजमानांचा प्रश्न. मटण खायचं नाही तर मटणासारखं कशाला? प्रश्न रास्त आहे, पण विचारताय चुकीच्या माणसाला. मेनूवरचा तो ‘मटण सुक्का’ तुमच्या होणाऱ्या सुनेसाठी केलेलाच नाही. ती जैन घरातली, मटणाची चव तिला ठाऊकच नाही, तिला आठवण कशाची येणार? तो केलाय यजमानांसारख्यांसाठी. मटण आवडतं, पण कधीमधी सोडून बघावंसं वाटतं, असं गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवूनच नकली मांस बनवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. आपल्या रितेश आणि जेनेलिया देशमुखांनी २०२१ मध्ये काढलेला ब्रँडही त्यातलाच.

आणि नक्कल म्हणाल तर ती आपल्यालाही नवी नाही. जुन्नर-संगमनेरकडची मासवडी बघा. बेसन घोटून शिजवायचं, ओल्या फडक्यावर थापायचं, आत सुकं खोबरं, तीळ, कांदा-लसणाचं सारण भरून माशाच्या आकारात वळायचं, वड्या कापायच्या आणि झणझणीत रश्श्यात बुडवून खायच्या. त्यात मासा औषधालाही नाही. पण मासवडी खाताना कोणी म्हणत नाही की पापलेटाची सर आली नाही, कारण ती फक्त आकार उसना घेते, चव स्वतःची ठेवते. चीनच्या बौद्ध मठांतल्या गव्हाच्या ग्लुटेनच्या पदार्थांनाही शेकडो वर्षांची परंपरा आहे. बिघडतं ते चवीतच हुबेहूबपणाचा हट्ट धरला की.

न्यूयॉर्कची ती बातमी खरी आहे. इलेव्हन मॅडिसन पार्क हे तीन मिशेलिन तारे, म्हणजे रेस्टॉरंटांना मिळणारा सर्वोच्च मान, असलेलं रेस्टॉरंट. शेफ डॅनियल हम यांनी २०२१ मध्ये तिथला सगळा मेनू वनस्पतींचा केला, आणि २०२५ च्या ऑक्टोबरपासून मांस-मासे परत आणले. वनस्पतींचा मेनू बंद झाला नाही, तोही सोबत आहे. यजमानांना एवढं सांगा की तिथे माणशी तीनशे डॉलरांहून जास्त मोजावे लागतात. तुमच्या रविवारच्या जेवणाचा निकाल त्यावरून लावू नये. पण त्या कहाणीतला एक भाग मला मोलाचा वाटतो. सुरुवातीलाच न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षकाने तिथल्या जेवणाची सालं काढली, आणि सगळ्यांत जास्त मार खाल्ला तो बिटाच्या एका पदार्थाने. पूर्वी जिथे बदक वाढत तिथे ते बीट आलं होतं. बीट म्हणून आलं असतं तर कदाचित वाचलं असतं.

तरीही ‘मटण सुक्का’ची एक प्लेट मागवा. एकच, सगळ्यांत मिळून. यजमानांचं कुतूहल भागेल, गप्पांना विषय मिळेल, आणि मसाला भाजलेला असेल तर तोंडी लावायला वाईट लागत नाही. मात्र व्याही-विहीणबाईंसमोर ती प्लेट नाचवू नका. जन्मभर मांस न पाहिलेल्या माणसाला मांसासारखं दिसणारं ताटही शिसारी आणतं, मग ते सोयाचं का असेना.

नकली मासा आणि ‘प्रॉन’ यांना मात्र हात लावू नका. हे माझं ठाम मत आहे. त्या कोळंब्या बहुधा कोंजॅक नावाच्या कंदाच्या पिठाच्या असतात. दिसायला गुलाबी, वळणदार, सुंदर. चावलं की रबरासारखा चुट आवाज होतो आणि पुढे काहीच नाही. सीकेपी माणसापुढे ही कोळंबी ठेवणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. लंडनमध्ये फिश अँड चिप्सच्या काही दुकानांत मासा म्हणून केळफूल पिठात बुडवून तळतात, ते त्यामानाने चांगलं लागतं. पण केळफुलाचं काय करायचं हे आपल्याला लंडनने शिकवायला नको.

फणसाचे टाको, म्हणजे दुमडलेल्या मेक्सिकन पोळीत भरलेला फणस, घ्या. कोवळ्या फणसाचे धागे सुटतात म्हणून परदेशी लोक त्याला डुकराच्या मांसाची जागा देऊन बसले. आपल्याकडे तो फणस म्हणूनच भाजीत पडतो. प्रथिनं म्हणाल तर त्यात जेमतेम दोन-तीन टक्के, पोट भरायचं काम राजमा आणि टेंपेवर सोपवा. कांदा-लसणाशिवाय मिळाले तर टाको मुलीकडच्यांनाही चालतील.

सासूबाईंचा प्रश्न सगळ्यांत सोपा. कवळीला टेंपे आणि ‘सुक्का’ जमणार नाहीत. त्यांना नरम टोफू घातलेलं मिसो सूप (मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण), मऊ भात आणि नारळाच्या रसातल्या भाज्या द्या, मिरची कमी सांगून. मधुमेहासाठी एवढंच बघा की ‘व्हिगन’ म्हणजे ‘बिनसाखरेचं’ असं समीकरण कोणी मांडू नये. मेनूवरच्या स्मूदी बोलमध्ये केळं, खजूर, आंबा आणि वरून मेपल सिरप आहे. त्याला हात जोडा. सोया चापही नको, त्यात सोयाइतकाच मैदा असतो.

गोडाला ‘रसमलाई’ नको, कारण उघड आहे. मँगो स्टिकी राइस आहे का बघा. चिकट तांदूळ, नारळाचं दूध, आंबा. थायलंडात तो कधीच दुधाचा नव्हता. नसेल तर चॉकलेट मूस घ्या आणि वेटरला विचारा की काबुली चण्याच्या पाण्याचा आहे का. हो, चणे उकडून उरलेलं पाणी. २०१४ च्या सुमारास एका फ्रेंच माणसाच्या लक्षात आलं की ते पाणी फेटलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखं फुलतं. बशीत आलेला मूस चण्याचा आहे हे यजमानांना खाऊन झाल्यावर सांगा.

राहिला चहा. जेवण झाल्यावर यजमानांना तो लागणारच. तिथे ओट्सच्या दुधाचा मिळेल. ओट्सचं दूध करताना त्यातला स्टार्च मोडून साखर तयार होते, म्हणून ते मुळातच गोडसर असतं. साखर न घालता मागवा. पण खरं सांगू? आलं-गवती चहाचा बिनदुधाचा उकाळा घ्या आणि दुधाचा चहा घरी येऊन करा. कॉफी प्यायची असेल तर ओट्सची चालते, बदामाची फाटते.

तोंड कसं ठेवायचं? सगळंच ‘छान छान’ म्हणू नका, ते तोंडदेखलं आहे हे मुलीला तेव्हाच कळतं. दोन गोष्टींची नावं घेऊन कौतुक करा, म्हणजे ‘त्या रश्श्यात काय होतं गं?’ असं विचारा. एखादा पदार्थ नाही आवडला तर ‘हे मला नाही जमलं’ म्हणून बशी पुढे सरकवा, विषय तिथेच संपतो. यजमानांना मात्र घरून निघतानाच तीन वाक्यांची बंदी घाला. ‘प्रोटीन कुठून मिळतं?’, ‘झाडांना जीव नसतो का?’ आणि ‘लग्नानंतर थोडं थोडं चालेल ना?’ पहिली दोन तिने शेकडो वेळा ऐकलेली आहेत. तिसऱ्याला तिच्याकडे जे उत्तर असेल ते पहिल्या भेटीत ऐकण्यासारखं नसेल. बी-१२ ची गोळी घेतेस का, हा प्रश्न रास्त आहे, कारण वनस्पतींतून ते भरवशाने मिळत नाही. पण तो सासूने सहा महिन्यांनी स्वयंपाकघरात विचारायचा असतो, सगळ्यांसमोर टेबलावर नाही.

आणि त्यांना घरी बोलावलंत तर ताटाची काळजीच करू नका. तुमच्या कोकणी वळणाच्या स्वयंपाकाचा अर्धा भाग आधीच व्हिगन आहे, तूप आणि दही तेवढं आवरा. फोडणी तेलाची. अळूवडी, वालाचं बिरडं, केळफुलाची भाजी, चिंचगुळाची आमटी, तांदळाची भाकरी, बिनलसणाची सोलकढी. गोडाला तांदळाचे शिरवाळे आणि गूळ घातलेला नारळाचा रस. हे ताट कुणाचीही नक्कल नाही, आणि त्यातून काही काढल्यासारखंही वाटत नाही. पाकिटातलं काही वाढणार असाल, पापड म्हणा, फरसाण म्हणा, तर मागची बाजू वाचा. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्यात दूध आणि मध दोन्ही चालतात. व्हिगनसाठी एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, २०२२ मध्ये वेगळं चिन्ह आणलं, हिरव्या चौकोनात पानाचा कोंब फुटलेला इंग्रजी व्ही. ते नसलं तरी घटकांच्या यादीत दुधाची पावडर आहे का एवढं तपासा.

अडचण एकच आहे, आणि ती सुनेची नाही, व्याह्यांची. कांदा, लसूण, बटाटा, ओलं आलं चालणार नाही हे तुम्हाला ठाऊक असेलच, सुंठ आणि हळदपूड बहुतेकांना चालते. पण कडक पाळणारे जैन मोड आलेली कडधान्यंही खात नाहीत, आणि मोड आल्याशिवाय बिरडं होत नाही. शिवाय सूर्यास्तानंतर ते जेवत नसतील तर रात्रीचं बोलावणं बाद. हे मुलाकरवी विचारू नका, तो अर्धंच विचारून येईल. मुलीला स्वतः फोन करा, आणि तारखेच्या चार दिवस आधी करा. वाल भिजवून, मोड काढून, सोलायचे म्हणजे दोन दिवस हवेतच.